पाणी तेवढंच होतं

जळगाव जामोदपासून तीन-चार मैलांवरच्या एका गावात नवीन हायस्कूल निघालं आणि विज्ञान शिकवायला तिथं माझी नेमणूक झाली. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी चोवीस वर्षांचा. मूळचा मेहकरकडचा, पण अमरावतीला बी.एस्सी. केलं होतं आणि त्या चार वर्षांत घरची बोली जिभेवरून पुसून टाकली होती. वर्गात मी पुस्तकासारखं बोलायचो.

नववीला दाबाचा धडा होता. एकक क्षेत्रफळावर लंबदिशेनं पडणारं बल म्हणजे दाब. हे वाक्य मी सगळ्या वर्गाकडून एका सुरात म्हणून घ्यायचो. गोड्या तेलाच्या रिकाम्या डब्याला वर, मधे आणि खाली अशी तीन भोकं पाडून त्यात पाणी ओतलं, की खालच्या भोकातली धार सगळ्यांत लांब जायची. मुलं टाळ्या वाजवायची. मग मी फळ्यावर सूत्र लिहायचो आणि उदाहरणं घालायचो. माझं हे शिकवणं गावात गाजलं होतं, आणि ते गाजलंय हे मला माहीत होतं.

राहायला मला एका भाजीपाला करणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातली पुढची खोली मिळाली होती. घरात नवरा-बायको दोघंच. दोन्ही मुली लग्न होऊन सासरी गेलेल्या. त्याला सारं गाव भाऊ म्हणायचं, म्हणून मीही भाऊ म्हणायचो आणि त्याच्या बायकोला वहिनी. गावाबाहेर त्यांचा मळा होता. वांगी, मिरची, कोथिंबीर, कांद्याचं रोप. विहिरीवर नवीनच ऑइल इंजीन बसवलं होतं. विहिरीजवळची जमीन सखल होती, पण उत्तरेकडे, सातपुड्याच्या बाजूला, एक लांब पट्टी कमरेइतकी उंच होती. तिथं पाणी चढत नसे. इंजिनाचं पाणी पाटानं सोडलं की ते खालच्याच वाफ्यांत पसरायचं.

दिवाळीनंतर भाऊनं विहिरीजवळ दगडाचा हौद बांधायचं ठरवलं. इंजीन मधेच बंद पडायचं, म्हणून पाणी साठवून ठेवायची सोय त्याला हवी होती. त्यानं गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री साठीच्या पुढचा, अंगानं वाळलेला, पण त्याच्या हातची एक भिंत गावात कललेली नव्हती. त्यानं जागा पाहिली आणि काडीनं जमिनीवर आखून दाखवलं. सोळा फूट लांब, बारा फूट रुंद, तीन फूट खोल. भिंत दीड फूट जाडीची.

मी त्या दिवशी सहज मळ्यात गेलो होतो. भाऊ मला म्हणाला, "मास्तर, तुमी शिकेल मानूस. पाह्यजा बरं, हे बरोबर हाये का?"

मी पाहिलं आणि मला उंच पट्टी दिसली. पाणी आपली पातळी गाठतं, हे मला ठाऊक होतं. हौदातलं पाणी उंच असेल तर ते पट्टीवर आपसूक जाईल. मी काडी घेतली, मिस्त्रीची आखणी पायानं पुसली आणि नवी काढली. सोळा फूट लांब, सहा फूट रुंद, सहा फूट खोल.

"हौद उंच करा," मी म्हणालो. "रुंदी निम्मी, उंची दुप्पट. पाणी तेवढंच मावेल, जागा कमी लागेल आणि वरच्या पट्टीला पाणी जाईल."

भाऊचे डोळे चमकले. मिस्त्री उकिडवा बसून माझ्या रेघांकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "मंग भिंत दीड फुटाची नाई चालनार. खाली तीन फूट तरी लागंन. नाई तं असं करू, खाली तीन फूट ओटा घालू अन् त्याच्यावर माह्याच मापाचा हौद ठेवू."

"ओट्याला एवढा दगड कशाला घालवायचा?" मी विचारलं. "आणि भिंत जाड कशासाठी? पाणी तेवढंच आहे ना? मग तिच्यावरचा जोरही तेवढाच."

मिस्त्रीनं माझ्या रेघेवर तळहात टेकवला. पुन्हा एकदा म्हणाला, "खाली जोर लय येते, मास्तर."

"किती येतो ते सांगा की."

त्याला ते सांगता आलं नाही. भाऊ हसला. "मिस्तरी, आता सायन्स शिकेल मानसासंग काय हुज्जत घालता? मास्तर म्हंतात तसंच बांधा."

मिस्त्रीनं तसंच बांधलं. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, म्हणून चुन्यातलं काम. चुना त्यानं स्वतः बैलाच्या घाणीवर उभं राहून मळवून घेतला. रोज संध्याकाळी शाळा सुटली की मी जाऊन पाहायचो आणि भिंत वर चढताना मला फार बरं वाटायचं. मी पाहिलेली ती पहिलीच गोष्ट, जी माझ्या डोक्यातून निघून जमिनीवर उभी राहत होती.

चुना वाळल्यावर हौद पहिल्यांदा निम्मा भरला. काही झालं नाही. चार दिवसांनी पाऊण भरला. वरची मोरी उघडली आणि पाणी पाटातून वळत वळत त्या उंच पट्टीवर गेलं. भाऊ पाटाच्या कडेकडेनं पाण्याबरोबर चालत गेला. पट्टीच्या टोकाला पोचल्यावर त्यानं मुंडासं काढून हवेत उडवलं. येणाऱ्या सोमवारी माझा नववीचा वर्ग इथं आणून पाणी आपली पातळी कशी गाठतं ते दाखवायचं, असं मी ठरवलं. मुलांना सांगूनही टाकलं.

शनिवारी मिस्त्री मळ्यात येऊन गेला. लांब भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, तळापासून हातभर उंचीवर, त्याला ओलीची एक आडवी रेघ दिसली. त्यानं त्या रेघेवरून तळहात फिरवला आणि भाऊला म्हणाला, "हौद खाली करा. भरू नका." भाऊनं घरी येऊन मला विचारलं. मी जेवायला बसलो होतो. ताटावरून न उठता मी सांगितलं, "नवा चुना आहे. थोडं पाझरणारच."

रविवारी सकाळी भाऊनं हौद काठोकाठ भरला. वहिनी भिंतीपासून आठ-दहा हातांवर कांद्याचं रोप उपटत बसल्या होत्या. मी विहिरीच्या पलीकडं लिंबाखाली उभा राहून भाऊशी बोलत होतो. आधी आवाज आला तो कापड फाटल्यासारखा. मी वळून पाहिलं तेव्हा लांब भिंत मधोमध खालून पुढं आली होती आणि तिचा वरचा भाग क्षणभर तसाच उभा होता. मग सगळीच भिंत पडली. पाणी एका लोंढ्यानं वाफ्यांवरून गेलं, आणि त्याच्याबरोबर दगड.

वहिनी उठायच्या आतच पाण्यानं त्यांना लोटलं होतं. आम्ही धावत गेलो तेव्हा त्या चिखलात एका कुशीवर पडल्या होत्या आणि उजव्या पायाच्या घोट्यावर दगड होता. त्या ओरडत नव्हत्या. "रोप गेलं का हो सारं?" एवढंच त्यांनी नवऱ्याला विचारलं. दगड उचलला तसा त्यांचा आवाज फुटला. तो आवाज मी नंतर पुष्कळ वर्षं ऐकला.

बैलगाडीत गवत घालून आम्ही त्यांना जळगावच्या दवाखान्यात नेलं. रस्ताभर त्यांचं डोकं भाऊच्या मांडीवर होतं आणि मी गाडीमागून चालत होतो. घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. पाय बांधला, पण चालताना थोडं लंगडणं राहील, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी गावात परतलो तेव्हा निकाल लागून गेला होता. मिस्त्रीनं चुन्यात वाळू जास्त घातली. मिस्त्रीची नजर गेली. मिस्त्री म्हातारा झाला. भाऊही तेच म्हणाला, माझ्यासमोर, ओसरीवर बसलेल्या पाचसहा माणसांपुढं: "मास्तरचं गनित चुकनार नाई. ह्या बुढ्यानंच काम कच्चं केलं."

मी तिथंच दाराला टेकून उभा होतो.

खरं सांगायचं तर त्या घटकेला मलाही तसंच वाटत होतं, किंवा वाटून घ्यायचं होतं. पाणी तेवढंच होतं ना. पण दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी मी मळ्यात गेलो. ज्या वर्गाला मी इथं आणणार होतो, तो आज ह्याच भिंतीशेजारी रांगेनं उभा राहिला असता, हे तिथं पोचल्यावर लक्षात आलं. मी पडलेल्या भिंतीपुढं उकिडवा बसलो.

बसल्यावर भिंत नीट दिसली. दोन्ही टोकांचे भाग अजून उभे होते. चुना मी नखानं खरवडून पाहिला. तो घट्ट होता, नखाखाली येत नव्हता. भिंत वरून ढासळली नव्हती. तळापासून हातभर उंचीवर तिचं पोट बाहेर आलं होतं आणि तिथूनच ती मोडली होती, मिस्त्रीनं तळहात फिरवला होता त्याच रेघेवर.

तेव्हा मला माझा डबा आठवला. खालच्या भोकातली धार सगळ्यांत लांब जाते. हे मी चार वेळा वर्गात दाखवलं होतं. डब्यात पाणी किती आहे ह्याच्याशी त्या धारेचा संबंध नसतो, वरून पाण्याची उंची किती आहे ह्याच्याशी असतो. बोटभर रुंद नळी असो की तळं असो, तितक्याच खोलीवर दाब तितकाच. हे वाक्य मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. सहा फूट खोली म्हणजे तीन फुटांच्या दुप्पट, म्हणून तळाशी दाब दुप्पट. आणि तो दुप्पट दाब दुप्पट उंचीच्या भिंतीवर, म्हणजे भिंतीवरचा सगळा रेटा चौपट. मी एक भिंत चौपट रेट्यापुढं तेवढ्याच जाडीची उभी केली होती. हिशेब दोन मिनिटांचा होता. तो मी आधी केला नाही, कारण मळ्यात उभं राहून करायचा तो हिशेब आहे, असं मला कधी वाटलंच नव्हतं. तो वहीत करायचा होता.

कळलं, पण मी सांगितलं नाही. आठ दिवस सांगितलं नाही. शाळेत गेलो, शिकवलं, घरी आलो. वहिनींच्या खोलीतून कण्हणं ऐकू यायचं. त्या आठवड्यात देवळाच्या ओट्याचं काम मिस्त्रीकडून काढून दुसऱ्याला दिलं. तो बाजारातून जाताना लोक त्याला हाक मारायचे थांबले. रोज सकाळी मी ठरवायचो की आज बोलू, आणि रोज माझ्या मनात पहिला विचार यायचा तो वर्गाचा. मुलं काय म्हणतील?

नवव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मिस्त्रीच्या घरी गेलो. तो अंगणात बसून ओळंब्याची दोरी बदलत होता. मला पाहून त्यानं पोतं अंथरलं.

मी वाक्य ठरवून गेलो होतो, चांगलं शुद्ध. पण तोंडातून माझ्या आईची बोली आली. "मिस्तरी, तुमचं काम बरोबर होतं. माहं चुकलं."

"मले ठाव हाये," तो म्हणाला.

"मंग लोकाईले काऊन नाई सांगतलं?"

त्यानं दोरीची गाठ दातानं आवळली. "काय सांगू? तुमी इचारलं होतं, जोर किती येते ते सांगा. मले तवाबी नाई सांगता आलं, आताबी नाई येत. माह्या हाताले समजते, मास्तर. तोंडाले नाई समजत. अन् लोक तं तोंडाचंच आयकतात."

मी त्याला म्हटलं, चला माझ्याबरोबर. तो नको म्हणाला. मग उठला.

भाऊच्या ओसरीवर त्या वेळी चारपाच शेजारी होते. आत वहिनी पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या आणि दार उघडं होतं. मी उभ्याउभ्याच सांगितलं. आखणी माझी, भिंतीची जाडी माझ्या सांगण्यावरून, ओल दिसल्यावर भरू नका म्हणाला तो मिस्त्री आणि काही होत नाही म्हणालो तो मी. चुना पक्का आहे, कोणीही जाऊन पाहावं. लोकांना पटेना. तेव्हा मी घरातला एक डबा मागून घेतला, खिळ्यानं त्याला भोकं पाडली आणि पाणी ओतलं. सगळे त्या तीन धारांकडं पाहत होते.

भाऊनं मिस्त्रीकडं वळून हात जोडले. माझ्याकडं पाहिलंच नाही.

आतून वहिनी म्हणाल्या, "मास्तर, चूक तं कोनाच्याबी हातून होते. पन तुमाले हे कवा समजलं?"

"दुसऱ्याच दिवशी," मी म्हणालो.

"मंग आठ दिवस गप काऊन राह्यले?"

त्यावर मला जे उत्तर सुचतं ते आजही सांगण्यासारखं नाही.

खोली सोड, असं मला कोणी म्हटलं नाही. मीच आठवड्यानं शाळेजवळ दुसरी पाहिली. पण हौद पुन्हा बांधायला घेतला तेव्हा दर रविवारी मी मळ्यात जायचो आणि मिस्त्रीच्या हाताखाली दगड वाहायचो. भाऊनं मनाई केली नाही. बोलायचा मात्र कामापुरतंच.

ह्या वेळी मिस्त्रीच्या मूळ मापाचा हौद होता, तीन फूट खोल, आणि तो तीन फूट उंच ओट्यावर ठेवायचा होता. ओट्यासाठी त्यानं काळी माती मुरूम लागेपर्यंत खणायला लावली आणि पाया ओट्याहून दोन्हीकडं फूटभर रुंद धरला. मी विचारलं, इतका रुंद कशाला? ह्या वेळी मी खरंच विचारत होतो.

तो सांगायला शब्द शोधत होता, तेवढ्यात डोक्यावर पाण्याचा गुंड, म्हणजे पितळी हंडा, घेतलेल्या एका बाईबरोबर वहिनी काठी टेकत मळ्यात आल्या. पाय मोडल्यापासून त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. मिस्त्रीनं त्या बाईच्या डोक्याकडं बोट केलं. "थे चुंबळ पाहा. गुंड तेवढाच हाये. चुंबळ काढली तं डोक्यात रुतंन. चुंबळीनं वजन कमी होते का? नाई होत. पसरते. काळी माती म्हंजे डोस्कंच समजा, लय नरम. म्हनून खाली रुंद चुंबळ द्या लागते."

मी पंचवीस वेळा फळ्यावर लिहिलेला भागाकार मला त्या दिवशी दिसला. वर वजन, खाली जागा. जागा वाढली की बोटभर जागेवर येणारा भार कमी. घन असो की पाणी असो, मी आजवर एकच प्रश्न विचारत आलो होतो, 'एकूण किती?' मिस्त्री दुसराच विचारायचा, 'कुठं आणि केवढ्या जागेवर?' माझ्या पुस्तकातही तोच प्रश्न होता. मी तो पाठ केला होता.

"अन् अजून एक," मिस्त्री म्हणाला. बोलायला सापडल्यावर त्याला आता हुरूप आला होता. "तुमच्या हौदातलं खालचं अर्धं पानी त्या पट्टीवर जातच नव्हतं. वरचं तेवढं जाये. खालचं नुसतंच भिंतीले लोटे. ओट्यावर ठेवलं की सारं पानी उंच, सारं कामाचं."

हे तर माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, हे वर्गात येऊन सांगाल का? तो हसला. "पोरं हासतील मले." पण फाल्गुनातल्या एका दुपारी तो आला. खुर्चीवर बसला नाही. फळ्यासमोर उभा राहून खडूनं भिंतीचा छेद काढला, खाली जाड आणि वर निमुळता, आणि खडू माझ्या हातात दिला. पुढचं मी बोललो. त्याच्याबद्दल बोललो, आणि माझ्या चुकीबद्दलही. मुलं हसली नाहीत. एका मुलीनं विचारलं, "मास्तर, तुमाले ठाव होतं तरी चुकलं कसं?" मी तिला सांगितलं की ठाऊक असणं आणि समजणं ह्यात एक मळा असतो. तिला ते कळलं की नाही कोण जाणे.

पुढं वर्षभरानं माझी बदली झाली. त्यानंतर मी कितीतरी शाळांत शिकवलं, पण दाबाच्या धड्यावर व्याख्या लिहा असा प्रश्न परत कधी काढला नाही. धरणाची भिंत खाली जाड का, हे आपल्या शब्दांत आणि चित्रासह लिहा, असं विचारायचो. निकाल कमी लागायचा. मुख्याध्यापक नाराज व्हायचे.

नवा हौद भरला त्या सकाळी सारे जण पाट पाहायला उंच पट्टीकडं गेले. मिस्त्री एकटाच ओट्यावर चढून भिंतीला पाठ लावून बसला आणि त्यानं बिडी पेटवली. आत पाणी चढण्याचा आवाज येत होता. "या, बसा," तो मला म्हणाला. मी पाटाच्या कडेलाच थांबलो. बांधावर वहिनी काठी टेकून उभ्या होत्या. त्याही जवळ आल्या नाहीत. बिडी संपेपर्यंत आम्ही दोघंही तसेच लांब उभे होतो. मग मी ओट्यावर चढलो आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो.